बुजऱ्या घोडीचा जोडीदार

आमच्या सिंधुदुर्गात घोडा म्हणजे पाहुणाच. हा मुलूख भाताचा, होड्यांचा आणि बैलांचा. तरीही मालवणजवळ राहणाऱ्या माझ्या मामूंच्या अंगणात आज दोन घोडे बांधलेले आहेत. बादल पंधरा वर्षांच्या पुढचा. घाटावरून आलेला आणि आजवर कितीतरी नवरदेवांना पाठीवर घेतलेला. कानाशी ढोल वाजला तरी तो डोळे अर्धे मिटून उभा राहतो. दुसरी चांदणी, चार वर्षांची. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मामूंनी साठवलेले पैसे घालून ती तिथूनच आणली.

हिशोब सरळ होता. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत किनाऱ्यावर पर्यटक असतात. एका घोड्याच्या कमाईत घर भागत नव्हते, दोन घोड्यांत भागले असते. पण चांदणी निघाली बुजरी. वाळूत उडणारी प्लॅस्टिकची पिशवी दिसली की उडी. रापणीचा दोर ओढणारी माणसे दिसली की मागे सरक. पॅराशूटला लोंबकळणारा माणूस आकाशात दिसला तेव्हा तर तिने लगामच हिसकावून घेतला. अशा जनावरावर कोणाचे मूल बसवणार? मुमानी म्हणाल्या, ‘‘मे महिन्याच्या आत विकून टाका, पावसाळाभर हिला कोण पोसणार?’’ बुजरे म्हणून विकलेल्या जनावराला चांगले दावे क्वचितच मिळते, हे मामूंना ठाऊक होते. त्यांनी मुदत मागून घेतली.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना पुढचे सांगायला नको. नवा पाडा जोताला लावायचा तर आमचे नाना त्याला कधीच दुसऱ्या पाड्याबरोबर जुंपत नसत. एका बाजूला जाणता बैल, दुसऱ्या बाजूला नवा. पाडा अडला, तरी म्हातारा आपल्या चालीने चालत राही. चिखलणी संपेपर्यंत पाड्याला कळे की मानेवरचे जू काही खायला उठत नाही. मामूंनी तेच घोड्यांत करायचे ठरवले. चांदणीला एकटीला न्यायचे नाही, बादलच्या सोबतीनेच फिरवायचे.

यामागे घोड्याचा स्वभाव आहे. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. आधी पळायचे, मग विचार करायचा, यावरच त्याची जात तगली. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे थेट मागचा आणि कपाळासमोरचा थोडा भाग सोडला तर त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. कळपात एकाने मान ताठ केली की बाकीचे सावध होतात, आणि एक जण निवांत चरत राहिला तर बाकीचेही मान खाली घालतात. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन वर्षांच्या नवख्या घोड्यांना भीती वाटेल अशा वस्तूपुढे नेले होते. ज्यांच्यासोबत त्या वस्तूला सरावलेला शांत घोडा होता, ते कमी घाबरले, त्यांच्या हृदयाचे ठोकेही कमी वाढले. पुढे सोबती काढून घेतल्यावरही हा फरक टिकला.

‘त्या वस्तूला सरावलेला’ हे शब्द महत्त्वाचे. आमची चूक तिथेच झाली.

पहिल्याच सकाळी मामू बादलवर आणि माझा मामेभाऊ चांदणीवर बसून सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरले. ओहोटी होती, समोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला. बनातून चांदणी छान चालली. ओल्या वाळूवर एक लाट फेस घेऊन टापांखाली सरकली आणि बुजला तो बादल! वरातीतल्या फटाक्यांना न हलणारा घोडा पायाखालची जमीन सरकताना पाहून आडवा उडाला. मग चांदणी कशाला थांबते? ती उधळली, मामेभाऊ पडला आणि त्याचे मनगट मोडले. संध्याकाळी मामू नुसते म्हणाले, ‘‘आपण ढोलात तेची परीक्षा घेतली नि दर्यात भरोसो ठेवलो.’’

नंतरचे दहा-बारा दिवस चांदणी घरी आणि बादल एकटा समुद्रावर. आधी कोरड्या वाळूवर, मग लाट संपते तिथे, मग फेसात. तो पाण्यात उभा राहून शेपटीने माश्या हाकलू लागला, तेव्हा चांदणीला पुन्हा बाहेर काढले. या वेळी तिच्यावर मामू बसले आणि बादलवर शेजारचा जाणता घोडेवाला.

आता चाल ठरलेली होती. समुद्राच्या बाजूला बादल, जमिनीच्या बाजूला चांदणी. म्हणजे भीती आणि ती यांच्यामध्ये कायम त्याचे अंग. सुरुवातीला चांदणी मागे, पण एका घोड्याइतके अंतर राखून, नाहीतर लाथ बसायची. काही दिवसांनी तिचे तोंड त्याच्या खांद्याशी, मग बरोबरीने. ती बुजली की बादलने थांबायचे, वळायचे नाही, पुढेही जायचे नाही. दुडकी नाही, शर्यत तर नाहीच. घराकडे तोंड वळले की घोड्याचे पाय आपोआप घाई करतात, म्हणून परतताना तर मुद्दाम सावकाश. सारे कंटाळवाणे काम. बघायला आलेली पोरे दोन दिवसांत पांगली.

वर बसलेल्या माणसाचीही यात परीक्षा असते. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक मजेदार अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांनी घोडा ठरलेल्या वाटेने चार वेळा न्यायचा. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितले की आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही. मामूंना हे सांगितले तर ते हसले. म्हणाले, ‘‘म्हणान तर मी फजरची नमाज पढून मगे खोगीर घालतंय.’’

सहीह मुस्लिममधली एक हदीस इथे आठवते. हजरत आयशा (रजि.) एका अडेल उंटावर बसल्या होत्या आणि त्याला पुढे-मागे हिसके देत होत्या. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना नरमाईने घेण्यास सांगितले. मला यात विशेष वाटते ते हे, की शिकवण दिली गेली ती उंटाला नव्हे, स्वाराला.

सोबत लावण्यापेक्षा ती सोडवणे अवघड. चांदणीला बादलची इतकी सवय झाली की तो नजरेआड होताच ती खिंकाळून खूर आपटू लागे. मग अंतर थोडे थोडे वाढवले. आज दहा पावले, परवा वीस. तो उभा, ती त्याच्याभोवती फिरून परत. पुढे ती पुढे आणि तो मागे. एप्रिलअखेर एका संध्याकाळी बादलला सुरूच्या झाडाखाली उभा करून मामू तिला एकटीला घेऊन निघाले. रापणीची माणसे दोर ओढत होती. चांदणी थांबली, कान पुढे केले, एकदा मागे वळून पाहिले. मामूंनी लगाम सैल सोडला. थोड्या वेळाने ती दोराच्या कडेने चालत पुढे गेली.

मे महिना उलटला, चांदणी विकली नाही. मामेभावाचे मनगट जुळले आहे. मुमानी मात्र त्याला अजून तिच्यावर बसू देत नाहीत. पावसाळाभर दोघे गोठ्यात शेजारी उभे असतात. पुढच्या हंगामात वरातीचे काम शिकवायचे आहे. तिथे ढोल आणि फटाके. त्यात मात्र बादलची परीक्षा कधीच होऊन गेली आहे.