किनाऱ्यावरचा ट्रान्स, तिसगावातला हेडफोन

नगर जिल्ह्यातल्या तिसगाव-पाथर्डी पट्ट्यात ‘ट्रान्स’ हा शब्द आता कुणाला नवा नाही. गणपतीची मिरवणूक असो, जयंती असो की वरात, डीजेवाला गाण्यांना हात घालण्याआधी ‘साऊंड चेक’ लावतो. हॉर्न किंचाळतात, बास छातीवर आदळतो आणि मध्येच ‘हलगी ट्रान्स’ नावाचा तुकडा सुरू होतो. त्यातली ती वळवळणारी, धारदार सिंथेसायझरची ओळ कुठून आली, असं वाजवणाऱ्या पोराला विचारलं तर तो यूट्यूबकडे बोट दाखवेल, आणि त्याच्यापुरतं ते खरंही आहे. पण त्या ओळीचं घराणं शोधत मागं गेलं की आपण गोव्यातल्या हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर जातो आणि नव्वदच्या दशकात निघालेल्या मूठभर अल्बमांपाशी येऊन थांबतो.

हे अल्बम माझ्या पिढीनं ऐकले ते कॅसेटवर उतरवून घेतलेले, पुढं सायबर कॅफेतून आणलेल्या १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीवर. म्हणजे खरं तर अर्धेच ऐकले. आता बरे हेडफोन आणि डॅक (डिजिटल फाइलीचा ऐकण्याजोगा आवाज करणारं यंत्र) परवडण्यासारखे झाले आहेत, मूळ सीडीवरून केलेल्या फाइलीही मिळतात. म्हणून हे सगळं पुन्हा ओळीनं ऐकायला घेतलं. निष्कर्ष आधीच सांगतो: चांगलं साधन जुन्या अल्बमांना सरसकट उजळवत नाही. ते निवड करतं. काही अल्बम वीस-पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा पूर्ण ऐकू येतात, तर काहींचं बिंग फुटतं.

पूर्वपीठिका थोडक्यात. साठच्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी गोव्यात येऊ लागले. हणजूणच्या रात्रींना तेव्हा रॉक वाजायचं. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात लोरां या फ्रेंच डीजेनं आणि त्याच्या सोबत्यांनी युरोपातलं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवायला सुरुवात केली. गाण्यांतले शब्द कापून टाकायचे, वाद्यांचा भाग तेवढा ठेवायचा, अशी त्यांची रीत. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गिल्बर्ट लेव्ही, म्हणजेच गोवा गिल, या रात्रींचा सगळ्यांत ओळखीचा चेहरा झाला. २०२३च्या ऑक्टोबरात तो वारला. १८ डिसेंबर १९९४ला पॉल ओकनफोल्डनं बीबीसी रेडिओ वनवर ‘गोवा मिक्स’ वाजवला आणि किनाऱ्यावरची ही गोष्ट घराघरांत गेली.

एक धागा नगर जिल्ह्यातूनही जातो, पण त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. नगरजवळच्या अरणगावात मेहेरबाबांची समाधी आहे. ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा पीट टाउनशेंड त्यांचा अनुयायी. त्याच्या १९७१ सालच्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, आणि रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. गाण्याच्या आरंभी ऑर्गनवर स्वरांची एक छोटी नक्षी अखंड फिरत राहते. ट्रान्सचा सांगाडा हाच: छोटी स्वरावली घ्यायची, ती थांबू द्यायची नाही, तिचा रंग मात्र सावकाश बदलत न्यायचा. गंमत अशी की गोळी खाऊन देव भेटत नाही, हे बजावणारी पुस्तिका मेहेरबाबांच्या नावावर १९६६पासून आहे, आणि गोव्याच्या पार्ट्यांनी नेमकं उलटं गृहीत धरलं होतं. या लेखासाठी ऐकताना चहाखेरीज काही घेतलेलं नाही, हेही इथंच नोंदवून ठेवतो.

हे संगीत समजून घ्यायचं तर डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, समजून घ्यावी लागते. सोनीनं ती १९८७मध्ये बाजारात आणली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट आणि सीडीच्या तोडीचा सोळा बिटांचा आवाज. गोव्याच्या उन्हात व्हिनाइलच्या तबकड्या वाकायच्या, डॅटला तो धोका नव्हता. शिवाय संगीतकाराकडून ट्रॅकची थेट प्रत करून घेता यायची, तबकडी छापून येण्याची वाट पाहायला नको. अडचण एकच. डॅटच्या यंत्रांवर वेग कमी-जास्त करायची सोय बहुधा नसे, त्यामुळे दोन ट्रॅक ठोक्याला ठोका लावून जोडता येत नसत. मग ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोका नसलेला, तरंगत राहणारा भाग ठेवायची पद्धत पडली. स्वस्त इयरफोनवर हे भाग रिकामे वाटतात आणि बोट आपोआप पुढं ढकलायच्या बटणाकडे जातं. चांगल्या हेडफोनवर कळतं की पुढच्या आठ मिनिटांचा सगळा ऐवज तिथं आधीच दबक्या आवाजात मांडून ठेवलेला आहे.

आता अल्बम. सगळ्यांत जास्त बदललेला वाटला तो हॅलुसिनोजेनचा ‘ट्विस्टेड’, १९९५चा. हॅलुसिनोजेन म्हणजे सायमन पोसफर्ड. यूथ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मार्टिन ग्लोव्हरच्या स्टुडिओत तो ध्वनियंत्रणा सांभाळायचा आणि यूथच्याच ड्रॅगनफ्लाय लेबलनं हा अल्बम काढला. या संगीतात मिनिटाला १४५च्या आसपास ठोके असतात. एका ठोक्याचे चार भाग केले तर प्रत्येक स्वराच्या वाट्याला साधारण १०३ मिलिसेकंद येतात. एवढ्याशा अवकाशात पोसफर्ड प्रत्येक स्वराचा फिल्टर वेगळा उघडतो, त्याचा प्रतिध्वनी दुसऱ्या कानात पाठवतो आणि तो प्रतिध्वनी परत येताना वेगळ्या रंगाचा होऊन येतो. १२८च्या एमपीथ्रीत सोळा हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं कापलेलं असतं आणि प्रतिध्वनीच्या बारीक शेपट्या पुसट होतात. राहते ती नुसती वळवळ. मूळ सीडी नीट साधनांवर लावली की ‘एलएसडी’ या ट्रॅकमध्ये एका ओळीच्या जागी तीन ओळी एकमेकींना उत्तरं देताना ऐकू येतात. किक, म्हणजे तालातला खालचा मुख्य ठोका, मात्र आजच्या मानानं हलकी आहे, कोरडी आणि आखूड. मला तो दोष वाटत नाही. किकनं जागा अडवली नाही म्हणूनच वरच्या ओळींना फिरायला मैदान मिळालं.

त्याच पोसफर्डनं राजा राम या बासरीवादकाबरोबर श्पॉन्गल हा प्रकल्प उभारला. ‘आर यू श्पॉन्गल्ड?’ १९९८चा. राजा राम मूळचा ऑस्ट्रेलियाचा, सत्तरच्या सुमारास क्विंटेसन्स या बँडमध्ये वाजवायचा. अल्बमच्या शेवटी वीसेक मिनिटांचा एक ट्रॅक आहे, भारतात पाहिलेल्या सूर्यग्रहणावरून सुचलेला. २४ ऑक्टोबर १९९५चं खग्रास ग्रहण उत्तर भारतातून गेलं होतं, ते अनेक वाचकांना आठवत असेल. बासरीतला श्वास, फुंकरीचा खरखरीत काठ हे सगळं आता समोर बसून वाजवल्यासारखं येतं. ज्यांना ठोक्यांचा त्रास होतो, त्यांनी या अल्बमपासून सुरुवात करावी.

१९९७ हे साल नुसतं पिकलं होतं. जुनो रिअ‍ॅक्टरच्या ‘बायबल ऑफ ड्रीम्स’मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या अमाम्पोंडो या वादकसमूहाचे ढोल आहेत. चामड्यावर पडणारा हात आणि यंत्राची किक यांतला फरक साध्या स्पीकरवर कळत नाही, इथं कळतो. हलगी ऐकून वाढलेल्या कानाला तर लगेच. त्याच वर्षी प्लेयाडियन्स या इटालियन मंडळींचा ‘आय. एफ. ओ.’ आला. त्यातल्या बहुतेक ट्रॅकना कृत्तिका नक्षत्रातल्या ताऱ्यांची नावं आहेत. हा अल्बम गोवा ट्रान्सचा कळस मानला जातो आणि माझी अपेक्षा होती की चांगल्या डॅकवर त्याची गर्दी सुटी होईल. होत नाही. आपल्याकडच्या मढीच्या यात्रेत एकाच वेळी चार गावांचे डफ वाजत यावेत तसं तिथं स्वरांवर स्वर चढवलेले आहेत, आणि ते वेगळे होऊ नयेत हीच करणाऱ्यांची इच्छा असावी. दहापट महाग हेडफोन घेतला तरी हा गोंगाट गोंगाटच राहील. तरीही तो मला प्रिय आहे.

बिंग फुटतं ते मॅन विथ नो नेमच्या १९९६च्या ‘मोमेंट ऑफ ट्रुथ’चं. चाली अजूनही गुणगुणता येतात, पण सिंथेसायझरचा वरचा पट्टा टोचतो आणि खाली आधार म्हणून फारसं काही नाही. मोठ्या मैदानातल्या भल्यामोठ्या स्पीकरांवर जो तजेला वाटायचा तो कानाजवळ आला की कर्कश होतो. इस्रायलच्या अ‍ॅस्ट्रल प्रोजेक्शनचा ‘डान्सिंग गॅलक्सी’ही थोडा याच वाटेचा, मात्र त्यांची रचना पक्की असल्यानं तो तरतो. इन्फेक्टेड मशरूमचे ‘द गॅदरिंग’ आणि ‘क्लासिकल मशरूम’ एवढे परिचयाचे आहेत की त्यांच्यावर जागा खर्चत नाही. जर्मनीच्या एक्स-ड्रीमचा १९९८चा ‘रेडिओ’ मात्र शोधून ऐकावा. तिथं चाल जवळपास नाहीच. थंड, मोजकं, धातूसारखं संगीत. प्रत्येक आवाजाभोवती मोकळी जागा ठेवलेली, आणि ही जागा स्वस्त साधनात सगळ्यात आधी हरवते.

महाराष्ट्राच्या वाट्याचा अल्बम या सगळ्यांच्या आधीचा आहे. मुंबईचे चरणजित सिंग हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे वादक. १९८२मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन, म्हणजे ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बासयंत्र, दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले. एचएमव्हीनं तबकडी काढली आणि ती कुणाच्या लक्षातही राहिली नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच ३०३ यंत्रावर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ निघालं आणि जगानं तिथून अ‍ॅसिड संगीताची कालगणना सुरू केली. एका डच संग्राहकानं सिंगांची तबकडी दिल्लीत शोधली, २०१०मध्ये ती पुन्हा निघाली आणि २०१५मध्ये सिंग गेले. हा अल्बम ट्रान्स नव्हे, आणि त्याचा गोव्याशी संबंधही नाही. पण ३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, आणि पाश्चात्त्य मंडळी जिथं ती चमत्कार म्हणून वापरतात तिथं सिंग तिच्यात मींड शोधतात. बरी साधनं लावली की हे अगदी उघड होतं: भैरव वाजवताना बासची ओळ रिषभावर पाऊल ठेवते ते गाणाऱ्याच्या अदबीनं. गोवा ट्रान्सवाल्यांनी पुढं भारताच्या नावानं तंबोरे आणि मंत्रांचे नमुने भरपूर चिकटवले. रागाचं चलन सांभाळून यंत्र वाजवणारा माणूस मात्र आधीच मुंबईत होऊन गेला होता.

साधनांबद्दल, तिसगावच्या घरांच्या हिशेबानं. स्पीकर घ्यायचा मोह आधी आवरावा. बारा फूट लांबीच्या स्लॅबच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज अडकून घुमतो, आणि ट्रान्सची किक नेमकी त्याच वस्तीत राहते. एका कोपऱ्यात बास फुगतो, मधोमध नाहीसा होतो. भिंतीला गोधड्या टांगून वरचा चिरका आवाज जिरतो, हा घुमारा नाही. वर पत्रा असेल तर तो स्वतःच वाजू लागतो. दुसरी अडचण अर्थिंगची. ते नीट नसेल तर ५० हर्ट्झची गुणगुण साधनात शिरते आणि पुन्हा किकच्याच अंगावर बसते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐकलं की बहुतेक वेळा ती जाते. फुकटातली याहून मोठी सुधारणा मला माहीत नाही.

हेडफोनमध्ये सेनहायझरचा एचडी ६०० हा प्रतिष्ठेचा. तोही १९९७चाच. आवाज प्रामाणिक, पण अगदी खालचा बास त्यात उतरत जातो, त्यामुळे ट्रान्ससाठी तो अर्धा उपाशी ठेवतो. हायफायमॅनसारख्या कंपन्यांचे प्लॅनर हेडफोन खाली सरळ जातात. आणि खरं सांगायचं तर दोन-अडीच हजारांचे चिनी कानात घालायचे मॉनिटर या संगीताला सगळ्यात जास्त मानवतात. डॅकवर फार खर्चू नये.

रात्री ऐकण्याचा प्रश्नही हेडफोननंच सुटतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. या एका नियमानं वागातोरच्या रात्रीही कापल्या आणि आपल्या मिरवणुकाही, निदान कागदावर. कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास असा आहे. साधन स्वच्छ असेल तर तपशील ऐकण्यासाठी आवाज वाढवावा लागत नाही.

नव्यानं मास्टर केलेल्या आवृत्त्यांपासून जपून राहावं. नव्वदच्या सीडींत हळू आणि मोठ्या आवाजांत अंतर होतं. नंतरच्या अनेक आवृत्त्यांत सगळंच एका मोठ्या पातळीवर दाबून बसवलेलं आहे. पहिल्या मिनिटाला त्या जास्त जोरकस वाटतात आणि तिसऱ्या ट्रॅकला कान थकतात. पर्याय असेल तेव्हा जुनीच सीडी घ्यावी. जुन्या वळणाचं नवं संगीत हवं असेल तर बेल्जियमच्या सनट्रिप लेबलनं २००४पासून चांगलं काम केलं आहे. स्वीडनच्या फिल्टेरियाचा ‘स्काय इनपुट’ त्यांचाच, आणि तो आजच्या साधनांवर प्लेयाडियन्सपेक्षा स्वच्छ वाजतो.

आपल्याकडच्या ‘साऊंड चेक’वाल्या पोरांना एकच विनंती. हॉर्न तपासायला तुम्ही जी ओळ वीस सेकंद वाजवता, ती ‘ट्विस्टेड’मध्ये आठ मिनिटं कशी वाढत जाते ते एकदा हेडफोनवर, पुढं न ढकलता ऐका. मग हलगी ट्रान्स करायला बसा. हलगी तुमच्याकडे आहेच, कमी आहे ती धीराची.