खांबातील कडी

एखाद्या नव्या इमारतीचे बांधकाम चालू असताना तुम्ही तेथे क्षणभर थांबला असाल, तर खांबांच्या जागी उभे केलेले लोखंडी सळ्यांचे सांगाडे तुमच्या दृष्टीस पडले असतील. उभ्या सळ्यांभोवती ठरावीक अंतरावर बारीक सळईच्या चौकोनी कड्या बांधलेल्या असतात. कारागीर त्यांना ‘रिंगा’ म्हणतात. काँक्रीट ओतले की त्या कायमच्या दृष्टीआड होतात. पण भूकंपात उंच इमारत उभी राहणार की कोसळणार, हे पुष्कळदा या क्षुल्लक वाटणाऱ्या कड्याच ठरवतात.

इमारतीचे वजन सदैव खाली दाबत असते, आणि दाब सोसण्यात काँक्रीट मोठे पटाईत! भूकंपात मात्र जमीन आडवी हलते. पाया जमिनीबरोबर सरकतो, वरचे मजले जडत्वामुळे मागे राहू पाहतात, आणि ही सारी ओढाताण खांबांच्या वाट्यास येते. काँक्रीट वाकत नाही, तडकते. त्याचे बाहेरचे कवच गळून पडले म्हणजे आतील सळ्या वरच्या भाराने बाहेर फुगू लागतात. उसाची मोळी आठवा. दोरी घट्ट असेल तोवर मोळी एकसंध राहते. दोरी सुटली की ऊस चोहीकडे पसरतात. खांबातील कडी ही ती दोरी होय.

याचा पडताळा ९ फेब्रुवारी १९७१ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आला. लॉस एंजेलिसजवळील ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाची नवीकोरी काँक्रीटची इमारत त्या सकाळी भूकंपात सापडली. तिच्या तळमजल्यावर दोन तऱ्हेचे खांब होते. कोपऱ्यांतील खांबांना दूरदूर बांधलेल्या साध्या कड्या होत्या. इतर खांबांत सळईचे मळसूत्रासारखे दाट वेढे दिलेले होते. कोपऱ्यांतील खांबांचा चुरा झाला. मळसूत्री वेढ्यांचे खांब फुटाहून अधिक कलले, त्यांची सालटे निघाली. पण गाभा शाबूत राहिला आणि वरचे मजले त्यांनी तोलून धरले. एकाच इमारतीत, एकाच धक्क्यात! ती इमारत पुढे पाडावी लागली खरी, परंतु त्यानंतर तेथील बांधकामाचे नियम कडक झाले. इमारतीस तडे गेले तरी चालतील, ती माणसांवर कोसळता कामा नये, हा त्या नियमांचा हेतू.

आपल्या देशात भूकंपाचा विचार करून इमारतींची आखणी कशी करावी, याचे मानक १९६२ साली निघाले. आणि सळ्या व कड्या यांविषयीचे तपशीलवार मानक १९९३ साली. कडीचे टोक १३५ अंशांत वळवून खांबाच्या गाभ्यात रुतवावे, असे त्यात सांगितले आहे. टोक नुसते काटकोनात वळवले, तर ते बाहेरच्या कवचातच राहते आणि कवच गळताच कडी उघडते. पंचेचाळीस अंशांचा काय तो फरक!

पण त्या काळी खाजगी इमारतींना ही मानके सर्वत्र बंधनकारक नव्हती. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छमध्ये ७.७ परिमाणाचा भूकंप झाला. तेथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेतही अनेक बहुमजली इमारती कोसळल्या व शेकडो माणसे दगावली. यांतील कित्येक इमारतींच्या तळमजल्यावर वाहनांसाठी मोकळी जागा सोडलेली होती. वर भिंतींनी भरलेले जड मजले आणि खाली नुसते खांब, त्यांतही कड्या विरळ व टोके काटकोनात. सारे हेलकावे त्या एकाच मजल्यावर एकवटले.

२००२ साली मानक सुधारले. अशा मोकळ्या मजल्याचे खांब व तुळया हिशेबाने येणाऱ्या आडव्या बलाच्या अडीचपट बलासाठी आखाव्यात, अथवा तेथे काँक्रीटच्या भक्कम भिंती घालाव्यात, असे कलम त्यात आले. जुन्या खांबांत मात्र नवे कलम आपोआप शिरत नाही. त्यांच्याभोवती नव्या सळ्या उभ्या करून, जवळजवळ कड्या बांधून, काँक्रीटचे दुसरे आवरण चढवावे लागते.