चिपाडातले संशोधन

वारणानगरसारख्या साखर कारखान्यात एक टन ऊस गाळला, की सुमारे ३०० किलो चिपाड उरते. त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. बॉयलरमध्ये ते जाळताना बरीच उष्णता या पाण्याची वाफ होण्यातच खर्च होते. चिमणीतून वाया जाणाऱ्या उष्णतेवर चिपाड आधी वाळवता येईल का, हा अभियांत्रिकीचा प्रश्न. त्यातले लिग्निन कोणती बुरशी लवकर फोडते, हा जीवशास्त्राचा. ते जाळावे, की त्याचा कागद करावा, हा पर्यावरणाचा. पीएच.डी. करणारा असा एखादाच प्रश्न घेतो, आधीचे काम वाचतो आणि न उलगडलेला भाग स्वतः मोजून शोधतो. नेट परीक्षेतून अधिछात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. सुरुवात मात्र आपण शाळेतच करू. रसवंतीवरचे चिपाड आणू, तोलू, उन्हात वाळवून पुन्हा तोलू. किती पाणी गेले?