काळवंडलेल्या त्वचेचे रहस्य

उन्हाने रापणे म्हणजे केवळ सौंदर्याची हानी असे मानून हळहळणाऱ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते की, सूर्याचे २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-ब किरण बाह्यत्वचेतील पेशींच्या केंद्रकात शिरून डीएनएमधील लगतच्या थायमिन घटकांना परस्परांशी जखडून टाकतात, आणि या इजेची वर्दी पोहोचताच रंजकपेशी मेलॅनिनचे कण निर्माण करून शेजारच्या पेशींच्या हवाली करतात, व तेथे ते केंद्रकावर, नेमके सूर्याच्या बाजूस, छत्रीसारखे पसरतात. किती विलक्षण हा बंदोबस्त! तरीही तो अपुराच. अतिनील-अ किरण तर खिडकीची साधी काचही ओलांडून अंतस्त्वचेतील कोलॅजनचा ऱ्हास करतात आणि अकाली सुरकुत्या आणतात. मात्र उन्हाशी सर्वस्वी फारकत घेणेही इष्ट नव्हे, कारण त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व घडते ते याच ब-किरणांमुळे.