पंडित कुणाचे?

पांढुर्णा आणि सौंसर मिळून 2023 मध्ये वेगळा जिल्हा झाला, पण क्रिकेटच्या बाबतीत आम्ही अजून दोन्ही घरचे पाहुणे. कागदावर संघ मध्य प्रदेशचा, पानठेल्यावरच्या गप्पांत विदर्भाचा. बाजार नागपूरचा, दवाखाना नागपूरचा. मग नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावरचा सामना आपला वाटतो आणि इंदूरचा परमुलखातला. गंमत अशी, की विदर्भाला आणि मध्य प्रदेशला पहिला रणजी करंडक मिळवून देणारा प्रशिक्षक एकच: चंद्रकांत पंडित. (होळकरांच्या संघाने चार वेळा तो जिंकला होता, पण तो काळ वेगळा.)

2017 मध्ये पंडित मोकळे होते, कारण मुंबईला ते नको होते. 2015-16 चा करंडक त्यांनी मुंबईला मिळवून दिला, पुढच्या हंगामात संघ अंतिम सामन्यात गुजरातकडून हरला आणि प्रशिक्षकपद समीर दिघे यांच्याकडे गेले. एका हंगामात विजेतेपद, दुसऱ्यात उपविजेतेपद, आणि तरी नारळ! मुंबईला उपविजेतेपद हे अपयश वाटते. विदर्भाने तोवर अंतिम फेरीही पाहिली नव्हती. त्यांना हवा होता जिंकण्याची सवय लावणारा कडक माणूस, आणि पंडितांच्या शिस्तीबद्दल तर मुंबईच्या मैदानांवर किस्से सांगतात. संघात फैज फजल, वसीम जाफर होतेच. 1 जानेवारी 2018 ला इंदूरमध्ये दिल्लीला नऊ गडी राखून हरवले. त्या सामन्यातली रजनीश गुरबानीची हॅटट्रिक आमच्याकडे गप्पांत अजून निघते. करंडक विदर्भाचा, मैदान मध्य प्रदेशचे, आणि आम्ही दोन्हीकडून खूश. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्रला हरवून तो राखलाही.

2020 मध्ये मध्य प्रदेशने त्यांना बोलावले. इथे कामगिरीच्या यादीखेरीज आणखी एक गोष्ट होती. खेळाडू म्हणून पंडित मध्य प्रदेशाचे कर्णधार होते आणि 1998-99 चा अंतिम सामना बंगळुरूला पहिल्या डावात आघाडी घेऊनही कर्नाटककडून हरले होते. जून 2022 मध्ये त्याच चिन्नास्वामी मैदानावर यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांच्या शतकांच्या जोरावर मध्य प्रदेशने सहा गडी राखून करंडक जिंकला. समोर होती मुंबई.

आता याच्या शेजारी भारतीय संघाचा कारभार ठेवून पाहा. 2016 मध्ये प्रशिक्षकपदासाठी 57 अर्ज आले; सचिन, गांगुली, लक्ष्मण यांच्या समितीने अनिल कुंबळे यांना निवडले. निकाल उत्तम लागले, पण कर्णधाराशी जमले नाही आणि वर्षभरात ते गेले. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मॅनेजर संघाचाच गणवेश घालून बसतो, पिचर बदलायला स्वतः मैदानात जातो. आपल्याकडे सूत्रे कर्णधाराच्या हातात, त्यामुळे उमेदवार चांगला की वाईट यापेक्षा तो कुणाबरोबर काम करणार हे आधी विचारायला हवे. रणजीत पंडितांचे जमले, कारण तरुण, फारशी नावे नसलेल्या संघात प्रशिक्षकाचा शब्द चालतो.

आयपीएलमध्ये हे गणित बदलले. ऑगस्ट 2022 मध्ये कोलकात्याने त्यांना नेमले. 2024 चे विजेतेपद मिळाले, पण श्रेयाचा मोठा वाटा मार्गदर्शक गौतम गंभीर यांना गेला आणि काही आठवड्यांत भारताचे प्रशिक्षकपदही. मुख्य प्रशिक्षक म्हणून एकही हंगाम न केलेल्या माणसाला! मला हे तेव्हा खटकले, आजही खटकते. जुलै 2025 मध्ये पंडित आणि कोलकाता वेगळे झाले.

विदर्भाने पुढे घरचा माणूस पसंत केला. उस्मान गनी यांच्या हाताखाली 2024-25 चा करंडक नागपुरातच आला. आणि 2022 च्या त्या अंतिम सामन्यात हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार. भारताकडून एकही सामना त्यांच्या नावावर नव्हता. निवडीच्या पहिल्याच चाळणीत एवढ्यावरून त्यांना बाजूला काढता आले असते. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांच्याकडे भारतीय महिला संघ सोपवला गेला, आणि 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत त्या मुलींनी विश्वचषक जिंकला.