कडक चिंच

वादळात पडलेलं झाड, आजीचा मोडलेला झोपाळा आणि चाकांवरची करवत... एका फळीसाठी घालवलेल्या वीकेंडची गोष्ट.

वीकेंडला काय केलंस, असं सोमवारी कुणी विचारलं की आपण काय सांगतो? पिक्चर, मॉल, फार फार तर लोणावळा. गेल्या जानेवारीत मी मात्र श्रीवर्धन तालुक्यातल्या एका लाकडाच्या वखारीत कानात कापसाचे बोळे घालून उभी होते आणि पाऊण टनाच्या एका ओंडक्याकडे 'बाबा रे, नीट चिरून घे' अशा नजरेने बघत होते.

थांबा, पहिल्यापासून सांगते. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा आमच्या आजोळची कौलं उडाली, सुपाऱ्या आडव्या झाल्या आणि परसातली चिंच पडवीवर कोसळली. आजी माजघरात होती म्हणून वाचली. पडवीतला तिचा झोपाळा नाही वाचला. फळीचे तुकडे झाले, कड्या तेवढ्या मिळाल्या. पुढे छप्पर झालं, सुपारी नव्याने लावली, पण झोपाळ्याचं 'बघू, बघू' करत राहून गेलं. माझी ८४ वर्षांची आजी तेव्हापासून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसते. आणि त्या खुर्चीचा ती मनापासून तिरस्कार करते!

चिंचेचा बुंधा पाच पावसाळे तसाच पडून होता. गावातल्या खाटकाने तो मागितलाही होता, कारण मटण तोडायच्या ठोकळ्याला चिंचेसारखं लाकूड नाही. मामा देऊनही टाकणार होता. 'त्याच्यातूनच झोपाळ्याची फळी काढूया' ही आयडिया माझी. मामा हसला. म्हणाला, "अगो, चिंच आहे ती. तेलाचे घाणे करायचे हिचे, उखळ-मुसळ करायचे. चिरणार कोण?"

तर प्रश्न असा, की इतकं कडक लाकूड चिरतात कसं?

लाकडाचा कडकपणा मोजायची एक मजेशीर पद्धत आहे, जांका टेस्ट. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, तो आकडा म्हणजे जांका. आपला सगळ्यांचा लाडका साग यात मधल्या फळीतला. चिंच त्याच्या दुपटीहून पुढे. ऑस्ट्रेलियातलं आयर्नबार्क तर तिपटीच्या वर, आणि तिथले शेतकरी ते स्वतःच्या शेतात, गाडीमागे जोडून आणलेल्या मशीनवर चिरतात. १९८२ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला सुरू झालेल्या वुड-मायझर कंपनीने हा प्रकार जगभर नेला. मोठ्या आरा गिरणीत ओंडका ट्रॉलीवर चढवून करवतीकडे ढकलावा लागतो. इथे उलटं. ओंडका जागेवर आडवा आणि करवतच रुळांवरून त्याच्याकडे चालत येते. पातं म्हणजे दोन चाकांवर ताणून बसवलेला पोलादी पट्टा, जेमतेम सव्वा-दीड इंच रुंद आणि एक मिलिमीटरच्या आसपास जाड. त्यामुळे भुशात जाणारं लाकूडही कमी.

असं एक मशीन श्रीवर्धनच्या रस्त्यावरच्या एका वखारीत आहे, हे मामाच्या मित्राकडून कळलं. आता गंमत बघा. मशीनला चाकं आहेत, ते थेट आमच्या परसात येऊ शकलं असतं. पण आरा गिरणीला वन खात्याचा परवाना लागतो आणि तो जागेला मिळतो. १२ डिसेंबर १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या गोदावर्मन आदेशानंतर तर देशभर बिनपरवाना गिरण्यांवर गदा आली. त्यामुळे आमचं 'पोर्टेबल' मशीन वखारीच्या शेडमध्ये चाकांवर बसून असतं, आणि ओंडक्यानेच त्याच्याकडे जायचं. चिंच १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीतली, म्हणून मामाने आधी रीतसर कागद करून घेतले आणि मग टेम्पो ठरवला.

वखारीच्या शेठनी ओंडका बघितला आणि कपाळाला हात लावला. "हिरवी असताना आणली असती तर? वाळलेली चिंच म्हणजे लोखंड!" वरचा फिकट भाग किड्यांनी पोखरला होता. आतला जांभळट तपकिरी गाभा मात्र ठणठणीत, साधारण दीड फुटाचा. झोपाळ्याला एवढीच रुंदी हवी. मिस्त्रीने हिशोब मांडला : अगदी मधोमध जी फळी निघेल ती तडकणार, कारण झाडाचा मध्यबिंदू तिच्यात असतो. तिच्या वरची एक आणि खालची एक, दोनच फळ्या पूर्ण रुंदीच्या मिळतील. म्हणजे चान्स दोन!

मग त्याने जे केलं ते चिरण्याच्या आधीचं काम होतं, आणि त्यातच सकाळ गेली. कोयत्याने साल काढली, कारण सालीतली माती पात्याची धार सगळ्यात आधी खाते. ओंडका धुतला. पातं बदललं. नेहमीच्या पात्याचे दात १० अंशांनी पुढे कललेले असतात, मऊ लाकडाला चावे घेत जायला. कडक लाकडात तोच दात अडखळतो. म्हणून ४ अंशांचं, जवळजवळ सरळ दातांचं पातं. पात्यावर थेंबथेंब पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. मी विचारलं, "दादा, हे कशाला?" तर म्हणाला, "ताई, पातं तापलं की सैल पडतं. सैल पडलं की नाचतं."

आणि पहिल्याच कापाला ते नाचलं. वरची पातळ फळी होती, टाकाऊच, पण उचलल्यावर बघतो तर पृष्ठभाग समुद्राच्या लाटेसारखा! मिनिटाला दीड किलोमीटरच्या वेगाने पळणारं पातं कडक गाठ लागली की सरळ जायचं सोडतं, सोपी वाट शोधतं. मला वाटलं, आता जोर वाढवणार. मिस्त्रीने उलट केलं. ताण वाढवला, नवीन धारेचं पातं चढवलं आणि मशीन इतकं सावकाश पुढे नेलं की सात फुटांना चार मिनिटं लागली. फार हळू गेलं तरी चालत नाही म्हणे, दात नुसते घासतात आणि बोथट होतात. सगळा खेळ कानावर. मोटरचा सूर जरा उतरला की त्याचा हात थांबायचा. (आमच्या एका जुन्या बॉसला हे दाखवायला हवं होतं. त्यांचा फंडा एकच, लोड वाढवा!)

दर दोन कापांना पातं बदललं जात होतं. चहा झाला. आणि मग ती पहिली चान्सवाली फळी. दोन फूट, तीन फूट, सुंदर चाललं होतं... आणि खर्रकन आवाज, ठिणग्या! मशीन बंद. लाकडाच्या पोटात एक खिळा होता. मिस्त्रीने मेटल डिटेक्टर फिरवला होता, पण खिळा फार खोल होता. भोवती शाईसारखा काळा डाग. टॅनिनवाल्या लाकडाशी लोखंडाची गाठ पडली की असा डाग पडतो. मामा जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मीच ठोकला होता. शाळेत असताना, कपड्यांच्या दोरीला." झाडाने तो चाळीस-पंचेचाळीस वर्षं पोटात घेतला होता. पात्याचे आठ-दहा दात गेले. एका पात्याची किंमत माझ्या एका लेखाच्या मानधनाएवढी, त्यामुळे मी शेठकडे बघायचं टाळलं.

राहिला एक चान्स. या वेळी मिस्त्रीने डिटेक्टर तीनदा फिरवला. मामा बाहेर जाऊन उभा राहिला, त्याला बघवेना. मी कानातला कापूस काढून ऐकत होते, सूर उतरतोय का म्हणून. चार मिनिटं. मग पातं पलीकडून बाहेर पडलं, दोघांनी फळी उचलली आणि मिस्त्रीने तिच्यावर ओळंब्याची दोरी ताणून धरली. दोरी आणि लाकूड यांच्यात कागदही गेला नसता. दोन इंच जाड, दीड फूट रुंद, रंग जुन्या वाईनसारखा. सॉलिड!

खिळावाल्या फळीचे दोन पाट होणार आहेत. लाटेवाली माझ्या फ्लॅटमध्ये शेल्फ म्हणून आलीय, लॅपटॉप तिच्यावर जरा डुगडुगतो. उरलेला ठोकळा खाटकाला दिला, तोही खूश.

पण झोपाळा अजून नाही. मिस्त्रीने फळीच्या दोन्ही टोकांना मेण लावलं, म्हणजे टोकाकडून भराभर वाळून तडकायला नको. आणि सांगितलं, इंचाला एक वर्ष. सावलीत, खाली पट्ट्या देऊन, वर वजन ठेवून. घाई केलीत तर वाकेल. दोन इंच, म्हणजे दोन वर्षं. परतीच्या वाटेवर टेम्पोत मामा आणि मी यावर काहीच बोललो नाही. ८४ अधिक दोन, हा हिशोब दोघांनाही येत होता.

घरी मामाने आढेवेढे घेत ते आजीला सांगितलं. तिने फळीवरून हात फिरवला, काळं काही लागतंय का ते बोटांकडे बघितलं आणि म्हणाली, "माझ्या खाटेखाली ठेवा. तिथे ऊन येत नाही." मग मला हाक मारून कामाला लावलं. झोपाळ्याच्या पितळी कड्या पाच वर्षांत पार काळ्या पडल्या होत्या, त्या घासायच्या होत्या. फडताळात बरणी आहे म्हणाली, त्याच झाडाची शेवटची चिंच, मीठ लावून ठेवलेली. तीच घे.