पंचवीस अणूंचे सोने

गणेशोत्सवाच्या आधी कधी पेणला गेला आहात? गावात जागोजागी गणपतीचे कारखाने चालू असतात. एकीकडे शाडूच्या मूर्ती वाळत असतात, दुसरीकडे रंगकाम चाललेले असते आणि एखादा जाणता कारागीर मान खाली घालून डोळ्यांची आखणी करीत असतो. मग मुकुटावर, बाजूबंदावर आणि पीतांबराच्या काठावर सोनेरी रंगाचा हात फिरतो आणि मूर्ती झळाळून उठते.

त्या सोनेरी रंगात सोने असते का? बहुधा नसते. असते ती तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूची बारीक भुकटी, नाहीतर अभ्रकाच्या पापुद्र्यांवर चढवलेला ऑक्साइडचा पातळ थर. म्हणजे जे सोने नाही, ते सोन्यासारखे दिसते! आज आपण याच्या अगदी उलट गोष्ट पाहणार आहोत. अस्सल सोने, पण ते पिवळे नाही. त्याला धातूची चकाकी नाही. अंधारात अतिनील दिव्याखाली धरले, तर ते चक्क तांबडा प्रकाश देते. हा चमत्कार नव्हे. त्यासाठी सोने तोळ्यावर नव्हे, तर अणू मोजून घ्यावे लागते, एवढेच.

लगडीकडून अणूकडे

एक ग्रॅम सोने घेतले, तर त्यात किती अणू असतील? ३ लिहून त्यापुढे २१ शून्ये काढा, सुमारे तितके! सोन्याच्या एका अणूचा व्यास सुमारे ०.२९ नॅनोमीटर असतो आणि एका सेंटिमीटरमध्ये एक कोटी नॅनोमीटर मावतात.

आता हे सोने आपण लहान लहान करीत जाऊ. सोन्याचा वर्ख ठोकून ठोकून सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा करता येतो. असा वर्ख उजेडासमोर धरला, तर पलीकडून हिरवट प्रकाश आलेला दिसतो. पिवळेपणा येथेच डळमळू लागला!

याहून पुढची पायरी गाठली मायकेल फॅरडे यांनी. १८५७ साली त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले प्रयोग मांडले. सोन्याच्या क्लोराइडच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून त्यांनी माणकासारखा लाल द्रव मिळवला होता. हा रंग द्रवात तरंगणाऱ्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचाच आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी केलेले असे द्रव लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेले आहेत.

हे लाल सोने तुम्हीही पाहिले असेल. कोविडच्या साथीत घरच्या घरी करायच्या तपासणीच्या पट्टीवर जी तांबडी रेघ उमटे, ती बहुतेक पट्ट्यांत काही दशक नॅनोमीटर आकाराच्या सुवर्णकणांचीच असे.

आता आणखी खाली उतरू. कण दोन नॅनोमीटरहून लहान झाला, की त्यात थोडेच अणू उरतात: कोठे दहावीस, कोठे शेदीडशे. अशा कणाला नॅनोक्लस्टर म्हणतात. आपण त्याला अणुगुच्छ म्हणू. येथे ‘साधारण इतके अणू’ असे म्हणून चालत नाही. २५ अणूंचा गुच्छ वेगळा, ३८ अणूंचा वेगळा, १०२ अणूंचा वेगळा. प्रत्येकाचा रंग आणि गुणधर्म निराळे, जणू ते निरनिराळे पदार्थच!

हे गुच्छ उघडे ठेवले, तर एकमेकांना चिकटून मोठे होतील. पोळ्यांचे गोळे चिकटू नयेत म्हणून आई त्यांना पिठी लावते ना? तसेच रसायनशास्त्रज्ञ या गुच्छांभोवती गंधकयुक्त रेणूंचे किंवा प्रथिनाचे वेष्टन घालतात. २००७ साली अमेरिकेत रॉजर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेने १०२ अणूंच्या गुच्छाचा स्फटिक क्ष-किरणांनी तपासून त्यातील प्रत्येक अणूची जागा दाखवून दिली. पुढच्याच वर्षी २५ अणूंच्या गुच्छाची रचना कळली. त्याच्या मध्यभागी एक अणू आहे, त्याच्याभोवती १२ आणि बाहेरच्या वेष्टनात गंधकाच्या जोडीने आणखी १२. करा बेरीज!

उतरण आणि पायऱ्या

पण केवळ लहान झाल्याने सोन्याचा स्वभाव का बदलावा? याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण इलेक्ट्रॉनांचे. नदीकाठी एके ठिकाणी नुसती उतरण आहे आणि दुसऱ्या ठिकाणी पायऱ्यांचा घाट आहे, असे समजा. उतरणीवर तुम्ही कोठेही उभे राहू शकता, पण घाटावर एखाद्या पायरीवरच उभे राहावे लागते. दोन पायऱ्यांच्या मध्ये जागा नाही. सोन्याच्या लगडीत असंख्य अणू असल्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या एकमेकींना इतक्या खेटून असतात, की ती उतरणच होते. अणुगुच्छात अणू मोजकेच असल्याने पातळ्या सुट्या होतात. उतरणीचा घाट बनतो. अतिनील प्रकाश पडला, की इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो आणि खाली उतरताना ऊर्जेचा काही भाग प्रकाशरूपाने सोडतो. हा प्रकाश कमी ऊर्जेचा, म्हणून तांबडा किंवा त्याही पलीकडचा, अवरक्त असतो. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात.

दुसरे कारण पृष्ठभागाचे. ते समजायला साखरेचे चौकोनी खडे घ्या किंवा कागदावरच हिशेब करा. प्रत्येक बाजूला १०० याप्रमाणे खडे रचून मोठा घन केला, तर एकूण १० लाख खडे लागतात. त्यांपैकी बाहेरून दिसणारे किती? ५८,८०८, म्हणजे शेकडा सहासुद्धा नाहीत. बाजूला १० खडे घेतले, तर १,००० पैकी ४८८ बाहेर दिसतात. आणि बाजूला ३ च घेतले, तर २७ पैकी २६ बाहेर, आत फक्त एक!

लगडीच्या आतल्या प्रत्येक सुवर्णअणूला १२ शेजारी असतात. तो जणू सर्व बाजूंनी हात गुंफून उभा असतो. पृष्ठभागावरच्या, विशेषतः कडेच्या आणि कोपऱ्यावरच्या अणूंचे काही हात मोकळे राहतात. बाहेरून आलेल्या रेणूला धरायला हेच मोकळे हात कामी येतात. सोने लहान करीत गेले, की असे मोकळ्या हातांचे अणू वाढत जातात.

पायऱ्यांचा उपयोग दवाखान्यात होईल, मोकळ्या हातांचा कारखान्यात. दोन्हीकडे जाऊन पाहू.

शरीरातला दिवा

२००९ साली सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी एक सोपी कृती प्रसिद्ध केली. गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन पाण्यात विरघळवायचे, त्यात सोन्याचे संयुग घालायचे, थोडा अल्कली मिसळायचा आणि ३७ अंश सेल्सिअसला १२ तास ठेवायचे. ३७ अंश म्हणजे आपल्याच शरीराचे तापमान! प्रथिनाच्या रेणूच्या कुशीत सुमारे २५ अणूंचा सोन्याचा गुच्छ तयार होतो आणि अतिनील दिव्याखाली तो द्रव तांबडा उजळतो.

याचा उपयोग काय? रोगट पेशी निरोगी पेशींच्या गर्दीत ओळखता येत नाहीत. तिथेच जाऊन चिकटेल असा रेणू अणुगुच्छाच्या वेष्टनाला जोडला, तर रोगाच्या जागी दिवा लागेल. काही गुच्छ डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश देतात. हा प्रकाश मांसातून दृश्य प्रकाशापेक्षा अधिक सहज बाहेर पडतो, म्हणून कॅमेऱ्याने तो टिपता येतो. शिवाय सोन्याचा अणुक्रमांक ७९. क्ष-किरण चित्रणात वापरल्या जाणाऱ्या आयोडिनचा ५३. भारी अणू क्ष-किरण अधिक अडवतो, त्यामुळे सोन्याने चित्र अधिक ठसठशीत होऊ शकते. २००४ साली अमेरिकेत कर्करोगाची गाठ असलेल्या उंदरांना १.९ नॅनोमीटरचे सुवर्णकण टोचून मग क्ष-किरणांचा उपचार केला, तेव्हा नुसत्या किरणांपेक्षा पुष्कळच चांगला गुण आला.

पण शरीरात घातलेले सोने बाहेर कसे यायचे? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आपली मूत्रपिंडे म्हणजे फार बारीक चाळणी. सुमारे साडेपाच नॅनोमीटरहून लहान कण त्यातून गाळले जाऊन लघवीवाटे बाहेर पडतात. मोठे कण यकृतात आणि प्लीहेत दीर्घकाळ अडकून बसतात. अणुगुच्छ या चाळणीतून जाण्याइतके लहान आहेत आणि म्हणूनच वैद्यकाला त्यांची एवढी आशा वाटते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे प्रयोग बहुतेक पेशींवर आणि उंदरांवर झालेले आहेत. प्रकाश देणारे अणुगुच्छ रुग्णालयाच्या रोजच्या उपचारात अजून आलेले नाहीत. काही जण विचारतील, ‘मग आपले सुवर्णभस्म?’ भस्मातले कण या गुच्छांहून खूप मोठे आणि निरनिराळ्या आकारांचे असतात. एकाचे गुण दुसऱ्याला चिकटवणे शास्त्राला धरून होणार नाही. आकार बदलला की स्वभाव बदलतो, हेच तर आपण आतापर्यंत पाहिले!

गाडी रोह्याकडे

आता पेणला दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बसू. कासू, नागोठणे, निडी ही स्थानके मागे टाकली, की रोहे येते. येथूनच कोकण रेल्वे सुरू होते. नागोठण्याला पेट्रोरसायनांचा मोठा प्रकल्प आहे आणि रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत. या पट्ट्यात रसायनांचे कारखाने आहेत, आणि रसायनांच्या धंद्यात एका पाहुण्याला फार मान असतो. त्याचे नाव उत्प्रेरक. रासायनिक क्रिया तो वेगाने घडवून आणतो आणि स्वतः मात्र शेवटी होता तसाच उरतो. चांगला उत्प्रेरक मिळाला, की इंधन वाचते आणि नको असलेला कचराही कमी होतो.

सोने उत्प्रेरक होईल, असे फारसे कोणाला वाटत नव्हते. ते गंजत नाही, हवेशी बोलत नाही, आम्लाला दाद देत नाही. असला आळशी धातू काय काम करणार? पण १९८७ साली जपानमध्ये ओसाका येथील मासाताके हारुता यांनी दाखवले, की लोखंडासारख्या धातूच्या ऑक्साइडवर बसवलेले पाच नॅनोमीटरहून लहान सुवर्णकण, विषारी कार्बन मोनॉक्साइडचे शून्याखाली ७० अंश तापमानालाही कार्बन डायऑक्साइड करतात. आळशाचे हात मोकळे झाले आणि तो कामाला लागला! पुढे १९९२ पासून असे उत्प्रेरक जपानात शौचालयांतील दुर्गंधी घालवण्यासाठी वापरात आले.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पीव्हीसी प्लॅस्टिकचे नळ तुम्ही रोज पाहता. त्याचा कच्चा माल चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर कोळशापासून केलेल्या ॲसिटिलीनपासून बनवतात आणि त्यासाठी पाऱ्याच्या क्लोराइडचा उत्प्रेरक वापरत आले. पाऱ्याने काय अनर्थ होतो, हे जपानच्या मिनामाता गावाने १९५६ पासून जगाला दाखवले. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत शिरला आणि मासे खाणारी माणसे कायमची पंगू झाली. १९८५ साली ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम हचिंग्ज यांनी भाकीत केले, की या क्रियेसाठी सोने सर्वांत चांगले ठरेल. ते खरे झाले. २०१३ साली पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि कोळशाच्या भुकटीवर बसवलेल्या सोन्याचा उत्प्रेरक चीनमध्ये कारखान्यांपर्यंत पोहोचला. तपासणीत आढळले, की यात काम करतात ते सोन्याचे गुच्छही नव्हेत, तर एकेक सुटे अणू!

अणुगुच्छ पारा शोधायलाही मदत करतात. तांबड्या उजळणाऱ्या त्या प्रथिनयुक्त द्रवात पाऱ्याचे आयन मिसळले, की त्याचा प्रकाश मावळतो. कोणत्याही नदीचे पाणी तपासायला ही युक्ती उपयोगी पडू शकते.

मग २५ अणूंच्या गुच्छाचे उत्प्रेरक म्हणून महत्त्व काय? साध्या उत्प्रेरकात लहानमोठे कण एकत्र असतात, त्यामुळे नेमके काम कोणी केले हे कळत नाही. येथे मात्र प्रत्येक गुच्छ दुसऱ्यासारखा हुबेहूब. एखादा अणू कमी केला किंवा बदलला, तर क्रियेत काय फरक पडतो, हे पाहता येते. अंदाजाच्या जागी हिशेब येतो.

परसातला गवती चहा

हे सारे परदेशातच चालते, असे समजू नका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या संयुगात गवती चहाचा अर्क घालून त्रिकोणी सुवर्णकण तयार केले. त्यांचे हे काम २००४ साली जगातील एका नामवंत नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे त्रिकोण अणुगुच्छांहून मोठे आहेत, पण तत्त्व तेच: आकार बदला, गुण बदलतील. कोकणात कितीतरी घरांच्या परसात उगवणारे ते गवत! मद्रासच्या आयआयटीत प्रा. प्रदीप यांचा गट सोन्याच्या आणि चांदीच्या अणुगुच्छांवर अनेक वर्षे संशोधन करीत आहे.

सोन्याचे द्रावण तुमच्या शाळेत नसेल. पण एक प्रयोग आज रात्रीच करा. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात मीठ विरघळवा, दुसऱ्यात दुधाचे दोनचार थेंब टाका. खोलीत अंधार करून दोन्हींवर बाजूने विजेरीचा झोत टाका. मिठाच्या पाण्यात झोताची वाट दिसणार नाही, दुधाच्या पाण्यात स्पष्ट दिसेल. फॅरडेंनी आपल्या लाल द्रवात असाच झोत टाकून त्यात कण तरंगत असल्याचे ताडले होते. सूक्ष्मदर्शकातून न दिसणारे कण त्यांनी दिव्याच्या झोताने ओळखले.

पुढच्या वेळी पेणच्या मूर्तीवरचा सोनेरी मुकुट पाहाल, तेव्हा आठवा. पदार्थ कोणता, एवढे विचारून भागत नाही. त्याचे अणू किती आणि ते कसे रचले आहेत, हेही विचारावे लागते.